सरोगेट व्हायचं ठरवताय? आधी स्वतःची फाईल उघडा

आमच्या घरात या विषयाच्या दोन फायली झाल्या. एक जाडजूड, नणंदेची. दुसरी माझी, आणि ती बऱ्याच उशिरा मी हट्टाने सुरू केली. तोवर माझ्या रक्ताचे रिपोर्टसुद्धा तिच्याच फायलीत, तिच्या सोनोग्राफीच्या मागे टाचलेले असायचे. दवाखान्यात गेलं की नर्स विचारायची, "पेशंट कोण?" आणि आम्ही दोघी एकदम एकमेकींकडे बघायचो.

माझ्या धाकट्या नणंदेचं पहिलं बाळंतपण २०२० साली झालं. रक्तस्राव थांबेना म्हणून गर्भाशय काढावं लागलं. बाळही हाती लागलं नाही. अंडाशय मात्र शाबूत होती, म्हणजे तिची स्त्रीबीजं आणि जावयांची शुक्रबीजं घेऊन भ्रूण तयार होऊ शकत होतं. ते वाढवायला जागा तेवढी नव्हती. ती जागा मी दिली. १६ ऑक्टोबर २०२४ ला, कोजागिरीच्या दिवशी, आमची भाची जन्माला आली.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पतसंस्थेत कर्जाचे कागद तपासायचं काम करते, त्यामुळे सही करण्याआधी वाचायची खोड आहे, इतकंच. हे लिहितेय ते बहिणीसाठी, जावेसाठी, मैत्रिणीसाठी सरोगेट होण्याचा विचार करणाऱ्या बाईसाठी. मूल हवं असलेल्या जोडप्यासाठी माहिती भरपूर मिळते. जिच्या पोटात ते वाढणार, तिच्यासाठी फारशी कुणी लिहीत नाही.

होकार देण्याआधी

नणंदेने मला कधीच विचारलं नाही. विचारलं सासूबाईंनी, तेही भाजी निवडता निवडता, "तुझी तब्येत तशी चांगली आहे," एवढ्याच शब्दांत. सासरी असा प्रश्न आला की नाही म्हणणं किती अवघड जातं, ते सांगायला नको. म्हणून पहिली पायरी हीच ठेवा: उत्तर लगेच देऊ नका. मी दोन महिने मागून घेतले आणि त्या दोन महिन्यांत घरात हा विषय कुणी काढायचा नाही असं नवऱ्याकरवी सगळ्यांना सांगितलं.

या काळात नवऱ्याशी जे बोलायचं ते मोघम नको. भ्रूण गर्भाशयात सोडायच्या काही दिवस आधीपासून ते पुढचा निकाल कळेपर्यंत शरीरसंबंध बंद ठेवावे लागतात, गरोदरपण ठरलं तर डॉक्टर सांगतील तोवर. मला काही झालं तर आमच्या मुलाचं कोण बघणार? गल्लीत लोक काय बोलतील आणि त्यांना उत्तर कोण देणार, मी की तुम्ही? आमच्यात ठरलं की उत्तर ते देतील. पुढे वेळ आली तेव्हा त्यांनी दिलंही.

मुलाला सांगायचं राहून जातं. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला सांगितलं, "आत्याच्या पोटातली बाळाची पिशवी डॉक्टरांना काढावी लागली, म्हणून तिचं बाळ आपल्याकडे राहायला येणार आहे, मोठं झालं की आत्याकडे जाणार." त्याला हे इतकं सरळ वाटलं की दुसऱ्या दिवशी त्याने वर्गात सांगून टाकलं. बाईंचा फोन आला. थोडी तारांबळ उडाली, पण मला वाटतं लपवण्यापेक्षा ते बरं झालं. लपवलं असतं तर बाळ घरी का आलं नाही, हा प्रश्न त्याच्या मनात राहिला असता.

कायदा कुणाला परवानगी देतो

एके काळी गुजरातमधलं आणंद हे परदेशी जोडप्यांसाठी सरोगसीचं गाव म्हणून ओळखलं जायचं. २०१५ मध्ये परदेशी लोकांसाठी ते बंद झालं आणि २५ जानेवारी २०२२ पासून सरोगसी (नियमन) कायदा, २०२१ लागू झाला. आता आपल्याकडे पैसे घेऊन सरोगेट होता येत नाही. व्यापारी सरोगसी चालवणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि दहा लाखांपर्यंत दंड आहे. ती करवून घेणाऱ्या जोडप्यालाही शिक्षा आहे. तेव्हा "एजंट आहे, सगळं बघून घेतो, रक्कम चांगली मिळते" असं कुणी मोबाईलवर पाठवलं असेल तर तिथेच थांबा.

सरोगेट होणाऱ्या बाईसाठी अटी अशा. तिचं लग्न झालेलं असावं. विधवा किंवा घटस्फोटित असली तरी चालतं. तिला स्वतःचं मूल असावं. भ्रूण सोडण्याच्या दिवशी तिचं वय २५ ते ३५ मध्ये असावं. अर्जाच्या दिवशी नव्हे, भ्रूण सोडण्याच्या दिवशी. हा फरक लक्षात ठेवा, कारण कागदांमध्येच सहा-आठ महिने जातात आणि साडेचौतीसला सुरुवात करणारीची घाई होते. स्वतःचं स्त्रीबीज देऊन सरोगेट होता येत नाही. आयुष्यात एकदाच सरोगेट होता येतं आणि त्यासाठी जास्तीत जास्त तीन वेळा प्रयत्न करता येतात.

सरोगेट जवळची नातेवाईकच असायला हवी, असं अजूनही बऱ्याच जणांना वाटतं. तशी अट आधीच्या मसुद्यात होती. कायदा झाला त्यात 'इच्छुक स्त्री' असा शब्द आहे. म्हणजे जिवलग मैत्रीणही चालते.

समोरच्या जोडप्याच्याही अटी वाचून घ्या, नाहीतर तुमची तयारी होते आणि त्यांचाच अर्ज अडतो. बायकोचं वय २३ ते ५०, नवऱ्याचं २६ ते ५५, आणि हयात मूल नसावं. मूल गंभीर आजारी किंवा अपंग असेल तर अपवाद आहे. एकटी बाई असेल तर ती विधवा किंवा घटस्फोटित हवी, वय ३५ ते ४५. दात्याचं बीज वापरायचं असेल तर २०२४ च्या दुरुस्तीनंतर ते शक्य आहे, पण जोडप्यापैकी एकाचं तरी बीज हवंच आणि तसं वैद्यकीय कारण जिल्हा मंडळाने मान्य केलेलं हवं.

तपासण्या

शरीराच्या तपासण्यांना दोन-तीन फेऱ्या पुरतात. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड, रक्तदाब, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, गर्भाशयाची सोनोग्राफी, कधी दुर्बिणीतून आतली पाहणी. दोन सिझेरियन झालेल्या बाईला बहुतेक डॉक्टर स्वतःहूनच नको म्हणतात. मागच्या बाळंतपणाचं डिस्चार्ज कार्ड सापडत नसेल तर आधी ते शोधा.

रक्तगटाचं मात्र जरा सविस्तर सांगते, कारण आमच्याकडे ते निसटणार होतं. माझा गट निगेटिव्ह, माझ्या नवऱ्याचाही निगेटिव्ह. त्यामुळे माझ्या पहिल्या बाळंतपणात अँटी-डीचं इंजेक्शन (आई निगेटिव्ह आणि बाळ पॉझिटिव्ह असू शकत असेल तर द्यावं लागतं ते) लागलंच नव्हतं. या वेळी नर्सने विचारलं, "मागच्या वेळी घेतलं होतं का?" मी म्हटलं, "नाही, लागत नाही." तिने तसंच लिहून घेतलं. घरी येताना रिक्षात माझ्या डोक्यात आलं की पोटात वाढणाऱ्या बाळाचा बाप माझा नवरा नाही, जावई आहेत आणि ते पॉझिटिव्ह आहेत. परत गेलो, खाडाखोड करून घेतली. अठ्ठाविसाव्या आठवड्यात इंजेक्शन मिळालं आणि बाळंतपणानंतर पुन्हा. सरोगेट बाईच्या केसपेपरवर 'पतीचा रक्तगट' हा रकाना काही कामाचा नसतो. तिथे बीज ज्यांचं आहे त्यांचे गट लिहून घ्या.

मानसिक तपासणी ही निव्वळ औपचारिकता समजून मी गेले होते. समुपदेशक बाईंनी पहिल्यांदा नणंदेला बाहेर बसवलं. हे तुमच्या बाबतीत झालं नाही तर तुम्हीच मागा: घरचं कुणी नसताना, बंद दाराआड, एकटीने बोलायचं. त्यांनी विचारलं, "बाळाचं काही बरंवाईट झालं तर नणंदेच्या तोंडाकडे कसं बघाल?" मला उत्तर आलं नाही. दोन आठवड्यांनी पुन्हा गेले तेव्हाही धड आलं नाही, पण एवढं कळलं होतं की हे नणंदेशी बोलून घ्यायला हवं. बोललो. दोघी रडलो. ती म्हणाली, "वहिनी, एकदा माझ्या पोटातलं गेलं, तेव्हा मला कुणी दोष दिला नाही असं नाही. मी तुला देणार नाही." हे वाक्य कुठल्याच करारात नव्हतं, पण पुढचे महिने मी त्याच्या भरवशावर काढले.

कागद: क्रम चुकवू नका

इथे सगळ्यात जास्त वेळ जातो. आम्ही एप्रिल २०२३ मध्ये सुरुवात केली आणि पहिल्यांदा भ्रूण सोडलं ते नोव्हेंबरमध्ये.

आधी जोडप्याने जिल्हा वैद्यकीय मंडळाकडून सरोगसीच्या वैद्यकीय कारणाचा दाखला मिळवायचा. आमच्यासाठी म्हणजे सिव्हिलच्या चकरा. नणंदेचं गर्भाशय काढल्याचं डिस्चार्ज कार्ड आणि पॅथॉलॉजीचा अहवाल दोन्ही होते, म्हणून काम सोपं गेलं. मग प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जोडप्याचा आणि तुमचा मिळून अर्ज. बाळ जन्मल्यावर त्याचे आईबाप कोण आणि ताबा कुणाकडे, याचा हुकूम तिथून आधीच मिळतो आणि जन्मानंतर तोच जन्माचं प्रतिज्ञापत्र म्हणून चालतो. तिसरा कागद विम्याचा. हे तिन्ही जमले की समुचित प्राधिकाऱ्याकडून, म्हणजे या कायद्याखाली नेमलेल्या सरकारी यंत्रणेकडून, आवश्यकतेचा दाखला मिळतो. जोडप्याला पात्रतेचा दाखला वेगळा, तुम्हाला वेगळा. तुमच्या दाखल्याची प्रत तुमच्या फायलीत. "दवाखान्यात आहे की" हे उत्तर चालवून घेऊ नका.

कोर्टाची भीती वाटते, तसं काही नसतं. आमची तारीख दुपारी निघाली. बाहेर बाकावर घटस्फोटाचे, चेक न वटल्याचे लोक, त्यात आम्ही तिघं-चौघं डबे घेऊन. साहेबांनी मला विचारलं, "स्वखुशीने करताय ना? कुणाचा दबाव?" वकिलांनी शिकवलेलं उत्तर मी विसरले आणि म्हणाले, "दबाव होता साहेब, पण दोन महिने मागून घेतले." वकिलांचा चेहरा पडला. साहेबांनी आणखी चार प्रश्न विचारले, नीट ऐकून घेतलं आणि पुढे हुकूम दिला. हे प्रश्न उगाच नसतात. खटला उभा राहिला तर बाईवर नवऱ्याने, जोडप्याने किंवा नातेवाइकाने जबरदस्ती केली असं कायदा गृहीत धरून चालतो आणि नव्हती हे त्यांना सिद्ध करावं लागतं.

हुकमाच्या सर्टिफाइड नकला निदान पाच काढा. का, ते पुढे येईल.

विम्यात माझी एक चूक झाली, ती तुमची होऊ नये. कायद्याप्रमाणे जोडप्याने सरोगेट बाईच्या नावाने ३६ महिन्यांचा आरोग्यविमा काढायचा असतो आणि त्यात बाळंतपणानंतरची गुंतागुंत धरलेली हवी. आम्ही पॉलिसी ऑगस्ट २०२३ मध्येच घेतली, कारण अर्जाला जोडायची होती. ३६ महिने मोजले जातात ते त्या तारखेपासून. पहिला प्रयत्न फुकट गेला, दुसऱ्यात यश आलं, बाळंतपण होईपर्यंत चौदा महिने गेले होते. राहिले बावीस. म्हणून पॉलिसीची सुरुवातीची तारीख शक्य तितकी पुढे ढकला आणि करारातच लिहून घ्या की मुदत कमी पडली तर जोडपं नूतनीकरण करून देईल. पॉलिसीत 'प्रसूतीनंतरची गुंतागुंत' हे शब्द आहेत का ते स्वतः वाचा. नवऱ्याच्या कंपनीच्या मेडिक्लेमवर विसंबू नका.

याशिवाय जोडप्याला न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर प्रतिज्ञापत्र करावं लागतं की तुमचा वैद्यकीय खर्च, आजारपण, नुकसान, अगदी मृत्यूसुद्धा, याची भरपाई ते करतील. त्याचीही नक्कल तुमच्या फायलीत.

पैशाचा विषय

वैद्यकीय खर्च, विमा आणि नियमात बसणारा खर्च, एवढंच जोडप्याने करायचं. बाकी कसलाही मोबदला नाही, तुम्हाला नाही, नवऱ्याला नाही, माहेरच्यांना नाही. नात्यात ही रेघ फार पुसट होते. जावयांना मला सोन्याची चेन करायची होती, मनापासून. मी नको म्हटलं. सासूबाई रुसल्या. पण उद्या कुणी वाकडी नजर केली तर चेनची पावती काय सांगणार? मी वही ठेवली होती: तारीख, कशासाठी, किती, बिल कुठे. औषधांचं बिल थेट जावई भरायचे, माझ्या खात्यावर एक रुपया येऊ दिला नाही. बुडालेल्या पगाराचं काय करायचं, ते वकिलाला विचारल्याशिवाय ठरवू नका. माझं मत विचाराल तर या बाबतीत कायदा बाईला जरा स्वस्तात काढतो, पण तो आहे तसा आहे.

सही करण्याआधी मोठ्याने बोलायच्या गोष्टी

संमतीपत्र तुम्हाला समजणाऱ्या भाषेत असलं पाहिजे, हा तुमचा हक्क आहे. आम्हाला आधी इंग्रजीच पुढे केलं होतं. मराठी मागितल्यावर चार दिवस लागले, पण मिळालं. भ्रूण गर्भाशयात सोडण्याच्या क्षणापर्यंत तुम्ही संमती मागे घेऊ शकता.

बोलायच्या गोष्टींमध्ये पहिली, भ्रूण किती सोडायची. नियम एकच म्हणतो. खास परिस्थितीत तीनपर्यंत मुभा आहे. जुळं झालं तर एकदम दोन लेकरं मिळतील म्हणून जोडप्याला मोह होतो, आणि जोखीम तुमची असते: लवकर बाळंतपण, रक्तदाब, रक्तस्राव. मी एकवर अडून राहिले. दुसरी, सोनोग्राफीत बाळात मोठा दोष दिसला तर? गर्भपात करायला तुम्हाला कुणी भाग पाडू शकत नाही आणि करायचा झाला तर तो गर्भपाताच्या कायद्याच्या चौकटीतच होतो. पण तुमचं आणि त्यांचं मत आधीच जुळतं का, हे बघून घ्या. जुळत नसेल तर इथेच थांबणं सगळ्यांच्या भल्याचं. तिसरी, नऊ महिने मी काय खाणार, गाडीवर बसणार की नाही, गावाला जाणार की नाही, हे कोण ठरवणार? आम्ही लिहून ठेवलं: डॉक्टर ठरवतील. त्यामुळे सासूबाईंच्या पपईबंदीलाही डॉक्टरांकडे बोट दाखवता आलं.

औषधं आणि भ्रूणरोपण

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून इस्ट्रोजेनच्या गोळ्या सुरू होतात, गर्भाशयाचं अस्तर जाड व्हावं म्हणून. सोनोग्राफीत ते सात-आठ मिलिमीटरच्या पुढे गेलं की प्रोजेस्टेरॉन सुरू. मला ते तेलातल्या इंजेक्शनने होतं, रोज कुल्ल्यावर. चौथ्या-पाचव्या दिवशी गाठी येतात, बसता येत नाही. इंजेक्शनआधी बाटली तळहातात धरून कोमट केली, नंतर जागा चोळली आणि गरम पाण्याच्या पिशवीने शेकली की बरं वाटतं. बाजू रोज बदला. गोळी-जेलचा पर्याय असतो, विचारून बघा.

प्रोजेस्टेरॉन सुरू होऊन पाच दिवस झाले की पाच दिवसांचं भ्रूण सोडतात. भूल नसते. मूत्राशय भरलेलं लागतं म्हणून पाणी पिऊन जायचं आणि खरा त्रास तोच. बारीक नळी, पोटावर सोनोग्राफीचं यंत्र, पंधरा मिनिटं. पडद्यावर एक पांढरा ठिपका चमकून गेला. नणंद माझ्या डोक्याशी उभी होती, तिने तो पाहिला. मी लघवी रोखून धरण्यात गर्क होते.

पहिल्या वेळी चौदाव्या दिवशी बीटा एचसीजीचा, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीचा, रिपोर्ट आला, निगेटिव्ह. या दिवसाची तयारी कुणी करून देत नाही. बाळ माझं नव्हतं, तरी मला वाटलं मीच कमी पडले. नणंद दोन दिवस फोनवर बोलली नाही, मग स्वतःच डबा घेऊन आली. डॉक्टरांनी सांगितलं, चांगलं भ्रूणही बऱ्याचदा रुजत नाही. दोन महिने थांबलो. दुसरं भ्रूण १४ फेब्रुवारी २०२४ ला सोडलं आणि या वेळी रिपोर्ट आला तो पॉझिटिव्ह. नियोजित तारीख निघाली नेमकी लक्ष्मीपूजनाची. इंजेक्शनं मात्र साधारण तिसरा महिना संपेपर्यंत चालू राहतात. पॉझिटिव्ह आलं म्हणून आपल्या मनाने बंद करू नका.

नऊ महिने

जोखमीचं स्पष्ट सांगते, कारण "एक झालंय ना, दुसरं काय अवघड" असं तुम्हाला सगळे म्हणतील. कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतातला एक मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळंतपणात आईला गंभीर गुंतागुंत होण्याचं प्रमाण नैसर्गिक गर्भधारणेत २.३ टक्के, आयव्हीएफमध्ये (प्रयोगशाळेत भ्रूण तयार करून झालेल्या गर्भधारणेत) ४.३ टक्के, तर दुसऱ्याचं भ्रूण वाढवणाऱ्या बायकांत ७.८ टक्के आढळलं. त्यात रक्तस्राव आणि वाढलेला रक्तदाब ही मुख्य कारणं. माझं पहिलं बाळंतपण साधं-सरळ झालं होतं. या वेळी छत्तिसाव्या आठवड्यात रक्तदाब चढला. घरात रक्तदाबाचं यंत्र ठेवा, आकडे लिहा, डोकं ठणकलं, डोळ्यांपुढे काजवे चमकले, चेहरा सुजला तर रात्रीची सकाळ होऊ देऊ नका.

दवाखाना बाळंतपणाचा निवडताना रक्तपेढी जवळ आहे का बघा. आयव्हीएफचं सेंटर पुण्यात आणि बाळंतपण तालुक्याला, असं आमच्या डोक्यात होतं. रक्तगट निगेटिव्ह म्हणून बेत बदलला.

आशाताई घरी आल्या तेव्हा सगळं खरं सांगितलं. त्यांनी वही मिटली, म्हणाल्या, "असं माझ्या भागात पहिलंच," आणि मग दर महिन्याला येऊन चौकशी करत राहिल्या. शेजारपाजारचं म्हणाल तर पहिले पंधरा दिवस चर्चा झाली, मग गणपती आले.

पेच पडला डोहाळजेवणाचा. ओटी कुणाची भरायची? सासूबाईंना नणंदेची भरायची होती, माझ्या आईला माझी. शेवटी दोघींना एका पाटावर शेजारी शेजारी बसवलं. हिरवी साडी तिला, फुलांचे दागिने मला. पेढा की बर्फी उघडताना वाटी मी पुढे केली आणि झाकण तिने काढलं. फोटोत दोघींची तोंडं हसून वाकडी झालेली आहेत. सगळ्या घरांत हे जमेल असं नाही. नको वाटलं तर सरळ नको म्हणा.

बाळंतपणाचा दिवस

कोजागिरीच्या सकाळी रक्तदाब उतरेना म्हणून सदतीस आठवडे पाच दिवसांवर सिझेरियन ठरलं. आधी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे बाळ पहिल्यांदा नणंदेच्या हातात दिलं. मी मान वळवून बघितलं आणि डॉक्टरांना विचारलं, "माझं बीपी किती?" हे मी आधीपासून ठरवलं होतं: सगळे बाळाकडे वळतील, तेव्हा माझ्याजवळ एक माणूस फक्त माझ्यासाठी हवा. माझी मोठी बहीण थांबली. बाळंत झालेल्या बाईचा रक्तस्राव पहिल्या काही तासांत बघायचा असतो आणि नेमकं तेव्हाच सगळं घर काचेपलीकडे असतं. तुमचा माणूस आधी ठरवा.

बाळाच्या मनगटावरच्या पट्टीवर माझं नाव आलं. ते ओळखीसाठी, ठीक आहे. पण जन्मनोंदणीच्या फॉर्मवरही आईच्या रकान्यात माझंच नाव भरून झालं होतं. "आमच्याकडे जी बाळंत होते तिचंच लिहितात," असं काउंटरवरच्या माणसाने सांगितलं. जावयांनी हुकमाची नक्कल पुढे केली, ती एका टेबलावर राहिली, दुसरी दुसऱ्या टेबलावर. पाच नकला अशा संपतात. नोंदणीची मुदत २१ दिवसांची असते, पण फॉर्म नगरपालिकेत जाण्याआधी दुरुस्त झालेला बरा. नाव, आडनाव, स्पेलिंग, सगळं बघून घ्या.

नंतरचे चाळीस दिवस

पान्हा कायदा वाचून येत नाही. आम्ही आधी ठरवलं होतं की पहिले दोन दिवस चीक काढून द्यायचा, नणंद वाटी-चमच्याने पाजणार, मग थांबायचं. बाळासाठी ते चांगलंच झालं, माझ्यासाठी थांबवणं अवघड गेलं. दूध आटवण्याची गोळी असते, पण रक्तदाब वाढलेल्या बाईला ती देताना डॉक्टर कचरतात. मला दिली नाही. घट्ट आधार देणारी ब्रा, थंड शेक, फ्रीजमधली कोबीची पानं, आणि फारच तडतडलं तर थोडंसं काढणं. पूर्ण रिकामं केलं की पुन्हा भरतं. आई डिंकाचे आणि अळिवाचे लाडू घेऊन आली. डिंकाचे ठेवले, अळिवाचे परत पाठवले, कारण अळीव देतात ते दूध वाढावं म्हणूनच. आईला ते वर्मी लागलं. मुलीचं बाळंतपण करायचं आणि अळीव द्यायचा नाही, हे तिच्या हिशेबात बसेना. पाचव्या-सहाव्या दिवसापासून छाती उतरत गेली. ताप आला किंवा छातीला लाल चट्टा आला तर मात्र लगेच दाखवा.

रडू येतं. कुणी मूल मागे मागतंय असा त्याचा अर्थ लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका. हार्मोन उतरतात तेव्हा कुणाही बाळंतिणीला येतं. दोन आठवड्यांनंतरही थांबलं नाही, झोप उडाली, जेवण सुटलं, तर समुपदेशकाकडे पुन्हा जा. तो खर्चही वैद्यकीयच आहे, आणि पॉलिसीकडे त्यासाठीही बघून ठेवा.

सुट्टीचं आधीच विचारा. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ साली सरोगसीतून बाळ मिळणाऱ्या आईला १२ आठवडे दिले गेले. सरोगेट बाई बाळंत होणारी बाई म्हणून रजा मागते आणि ऑफिसात यावर वाद होतो. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी जून २०२४ मध्ये नियम बदलले. सरोगेट बाईला १८० दिवस मिळू शकतात. माझ्या संस्थेत आधी कुणाला काय द्यायचं हेच कळेना. अर्जाला हुकमाची नक्कल जोडली, आणि सर्टिफिकेटवर डॉक्टरांकडून 'सिझेरियन' हा शब्द ठळक लिहून घेतला. मग प्रश्न सुटला.

बारशाला गेले तेव्हा पाळण्याशी मामीचा मान मला होताच, तो नात्यानेच होता. कानात नाव आत्यांनी सांगितलं. मुलगा माझ्या कडेला उभा राहून सगळ्यांना सांगत होता, "हे आमच्याकडे राहायला होतं." आता ती सव्वा वर्षाची आहे, चालते, माझ्या घरी आली की फ्रीज उघडते.

दवाखान्याला त्यांच्या नोंदी २५ वर्षं ठेवाव्या लागतात. माझ्याकडची निळी फाईल कपाटातच आहे. पॉलिसी येत्या ऑगस्टमध्ये संपते, सहा महिन्यांनी एकदा रक्तदाब तपासून घेते, आणि नूतनीकरणाची आठवण जावयांना जूनमध्ये करायची आहे.